चावडी बंद झाल्यावर

३ मार्च, सोमवार

सकाळी वर्कशॉपला आलो तर भिंतीवरच्या टॅबवर लाल पट्टी. ‘३१ मार्च रोजी ‘चावडी’ ॲप बंद करण्यात येत आहे. त्यावरील सर्व मजकूर कायमचा काढून टाकला जाईल. सहकार्याबद्दल धन्यवाद.’ दोनदा वाचलं. मग फडकं घेऊन काच पुसली आणि परत वाचलं.

धनाजी शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, “बरं झालं गड्या. लोकं काम सोडून त्यावरच बसायची.” मग माझ्याकडं बघितलं, कानाची पाळी धरली. “न्हाई म्हंजे, तुमची गोष्ट येगळी हाय दत्ताभाऊ.”

वेगळी आहे. ऑपरेशनला दोन वर्षं चार महिने झाले, तेवढे दिवस वेगळी आहे.

४ मार्च, मंगळवार

मॅनेजर देसाई साहेबांनी गोदामात सगळ्यांना बोलावलं. चावडी सुरू केली तेव्हा हेतू चांगला होता म्हणाले. सातारचा पशुखाद्याचा प्लांट, फलटण, कोयनानगर, सांगलीचे डेपो, सगळ्यांनी एकमेकांशी बोलावं म्हणून. पण तिथं कामापेक्षा वाढदिवसच जास्त. आता साहेब लोकांना नवी सिस्टिम येणार, इंग्रजीतली. खालच्यांना वॉकी-टॉकी. “तोंडानं बोला. समोरासमोर बोला. माणसं आहोत आपण.”

टाळ्या वाजल्या. मीपण वाजवल्या. हात आपोआप उठले.

६ मार्च, गुरुवार

सकाळी नऊला भूपालअण्णांचा मेसेज. सांगली डेपोचे क्लार्क, भूपाल मगदूम. ‘जय जिनेंद्र सातारकर. वाचलासा का? आपली चावडी मोडली. आता म्हशीच्या कानात सांगायचं व्हय सगळं?’

मी लिहिलं, ‘म्हैस तरी ऐकते. आमचे साहेब ऐकत नाहीत.’

त्यांनी हसणारी नऊ तोंडं पाठवली. नऊच का, कुणास ठाऊक.

या माणसाला मी एकदाही पाहिलेलं नाही. बारकासा फोटो आहे, टोपीतला. सकाळी नऊला आणि जेवणाच्या सुट्टीत, असं दोन वर्षं. हळदीचा बाजार, कृष्णेचं पाणी, म्हशीचे रुसवे. पोरीच्या घटस्फोटाचं सगळं. कोर्टात पोरगी रडली नाही, मीच बाहेर बाकावर बसून रडलो, हे त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही, मला लिहिलं.

मी पण त्यांना सगळं सांगितलं. एक सोडून.

८ मार्च, शनिवार

सकाळी बायको, म्हणजे सु., म्हणाली, “त्यांचा नंबर घ्या ना. घरून मेसेज करत बसा.” साधी गोष्ट. मला सुचली नव्हती असं नाही.

अण्णांना विचारलं. उत्तर आलं: ‘माझा बटनाचा फोन हाय. मेसेज डोळ्याला दिसत न्हाई. हितं हापिसातलं कॉम्प्युटर मोठं हाय म्हणून जमतंय. तुमी फोनच लावा की. बोलू मनसोक्त. तुमचा आवाज लय भरदार असणार बगा, लिवण्यावरनंच कळतंय.’ खाली नंबर.

भरदार.

मी लिहिलं, ‘लावतो.’

घरी सु.ला ते लिहून दाखवलं. ती म्हणाली, “अहो, सांगून टाका त्यांना. त्यात काय एवढं? नाहीतर मी बोलते तुमच्या वतीनं.” मी पाटीवर ‘नको’ लिहिलं. तिनं कारण विचारलं. पाटी पुसून खुंटीला अडकवली.

कारण असं. इथं प्लांटमध्ये सगळ्यांनी माझा गळा पाहिलाय. रुमालाखालचं भोकपण पाहिलंय. धनाजी सोडला तर सगळे माझ्याशी मोठ्यानं बोलतात, एकेक शब्द तोडून. नरडं गेलंय, कान नाही. पण सांगलीत कुणी काही पाहिलेलं नाही. सांगलीत मी अजून बोलतो.

११ मार्च, मंगळवार

दे. साहेबांना अर्ज लिहिला. चावडीवरच, त्यांना एकट्यांना पाठवला, तिथं कुणी वाचलं की निळी खूण येते म्हणून. ‘मला वॉकी-टॉकीचा उपयोग नाही. वरच्या माळ्यावर मशिनचं काम करताना काही गडबड दिसली तर आजवर मी शिडीजवळच्या टॅबवर ‘थांबा’ बटण दाबत आलो, ते दाबलं की सगळीकडे घंटा वाजते. टॅब गेल्यावर मी खाली कसं कळवायचं, याचा विचार व्हावा.’

चारला निळी खूण आली. उत्तर नाही.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवडीची सुट्टी. फलटणहून रेश्मा आणि चिऊ आल्या. चिऊ आता चार वर्षांची. रेश्मा म्हणाली, “बाबा, ते यंत्र लावून बघा ना परत. आता ती मोठी झालीय.” गळ्याला लावून बोलायचं ते यंत्र. कपाटातून काढलं, सेल घातले, जबड्याखाली धरलं आणि त्याच्या घरघरत्या आवाजात म्हणालो, “चिऊताई, या.”

चिऊ आधी यंत्राकडं बघत राहिली. मग आजीच्या पदराआड. रडली नाही. गेल्या वेळी रडली होती. एवढीच सुधारणा.

प्लांटमध्ये तर ते चालतच नाही. चालू मशिनपुढं मधमाशी गुणगुणावी तसं होतं. आणि एक हात त्यात अडकतो.

परत कपाटात ठेवलं.

१८ मार्च, मंगळवार

दे. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. अर्ज वाचलाय म्हणाले. ड्रॉवरमधून एक शिट्टी काढली, पिवळी, दोरी लावलेली. “हे घ्या शिंदे. काही झालं की जोरात फुंकायचं. अख्ख्या प्लांटला ऐकू जाईल.” कसं सोपं होतं बघा, अशा चेहऱ्यानं. रजिस्टर पुढं केलं. ‘शिट्टी, नग १, मिळाली.’ मी सही केली.

माझा श्वास आता तोंडातून येत नाही. गळ्यातून येतो. फुंकर नावाची गोष्टच माझ्याजवळ उरलेली नाही. चिऊच्या वाढदिवसाची मेणबत्तीसुद्धा विझत नाही. हे सांगायला खिशातली छोटी पाटी काढली होती. साहेबांचा फोन वाजला. ते फोनवर बोलत माझ्याकडं बघून हसले, हातानं ‘झालं, या’ केलं.

पाटी खिशात ठेवून बाहेर आलो.

का आलो? उभं राहायला हवं होतं. फोन संपेपर्यंत. पण एवढ्या खुशीत त्यांनी ती दिली होती. आणि परत एकदा माझं भोक कुणाला समजावून सांगायचं, याचा कंटाळा. खरं तर लाज.

शिट्टी शर्टाच्या खिशात आहे.

२४ मार्च, सोमवार

आठवडा राहिला. प्लांटमध्ये स्वतःचा मोबाईल आत नेऊ देत नाहीत, म्हणजे फोटो काढता येत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत टॅबसमोर स्टुलावर बसून अण्णांचे जुने मेसेज या वहीत उतरवून घेतोय. धनाजीनं डबा तिथंच आणून दिला. “काय लिवताय एवढं?” मी वही पुढं केली. त्यानं वाचलं:

‘आज म्हशीनं दूध दिलं न्हाई. बायको म्हणती, तुमी काल तिच्यासमोर तिला विकायचं बोललासा.’

धनाजीला ठसका लागला हसून. “ह्ये लिवून ठेवताय व्हय?”

हो. हे लिहून ठेवतोय. पुराच्या वर्षीचं पण घेतलं, घरात पाणी शिरलं तेव्हा हळदीची पोती माळ्यावर चढवून अण्णा रात्रभर पोत्यांवरच कसे बसले होते ते. एकोणीस पानं झाली.

३१ मार्च, सोमवार

काल पाडवा झाला. सु.नं गुढी उभारली, मी बांबू धरला.

आज शेवटचा दिवस. चावडीवर सकाळपासून ‘अलविदा’, ‘भेटू पुन्हा’, हात जोडलेले. फलटणच्या कुणीतरी पाळण्याचा फोटो टाकला, मुलगी झाली म्हणून. आज जन्मलेलं पोर उद्या पुसलं जाणार.

अण्णांचा मेसेज पाच वाजून दहा मिनिटांनी: ‘सातारकर, फोन न्हाई लावलासा. कामात असाल. येत्या महावीर जयंतीला आमच्या गावाकडं याच. जेवायलाच या. घर कुणीबी दाखवंल. तुमास्नी बघायचं हाय आन् ऐकायचं हाय.’

मी लिहायला लागलो. लिहिलं, पुसलं. ‘अण्णा, तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेली’ एवढं लिहून झालं आणि साडेपाचच्या भोंग्याबरोबर स्क्रीन पांढरा झाला. ‘जोडणी होऊ शकली नाही.’

पाच मिनिटं बोट तसंच ठेवून उभा होतो.

१ एप्रिल, मंगळवार

टॅब काढून नेले. शिडीजवळ लोखंडी चौकट तेवढी राहिली, चार स्क्रूंवर. प्रत्येकाला वॉकी-टॉकी दिला. मलापण. पट्ट्याला अडकवला. सगळे दिवसभर त्यावर खेळत होते. “ओव्हर, ओव्हर.” “धनाजी, च्या आला का, ओव्हर.”

माझ्याच्यानं फक्त बटण दाबता येतं. दाबलं की पलीकडं ‘खट्’ होतं.

३ एप्रिल, गुरुवार

घरी आल्यावर, सु. बाजारात गेलेली असताना, अण्णांना फोन लावला. कशासाठी लावला, मला सांगता येणार नाही. दोन रिंगनंतर उचलला.

“हॅलो. कोण बोलतंय?”

बारीक आवाज आहे त्यांचा. मी कायम जाड, घोगरा धरला होता. मागं भांड्यांचा आवाज, कुणीतरी बाई.

“हॅलो? आवं बोला की. आवाज येत न्हाई तुमचा.”

मी फोनच्या मागं नखानं टकटक केलं.

“लाइन खराब हाय जनू.” ठेवला.

४ एप्रिल, शुक्रवार

आज परत. दोनदा. दुसऱ्या वेळी म्हणाले, “कोण हाय रं? घरात बायामाणसं हायती, लाज न्हाई वाटत? पोलिसात दीन बग.”

पोरीच्या नवऱ्याकडचा कुणी त्रास देतोय असं वाटलं असणार त्यांना. त्या माणसानं तसे फोन केले होते, मला त्यांनीच लिहिलं होतं. हे मला फोन ठेवल्यावर आठवलं. आधी नाही.

आता करणार नाही.

५ एप्रिल, शनिवार

लिहवत नाही. तरी लिहितो, क्रमानं, पुढं उपयोग होईल.

सकाळी अकराच्या सुमारास वरच्या माळ्यावर ग्रीस भरत होतो. खाली कन्व्हेअरला ओला भुसा चिकटून गठ्ठा झाला होता. लाइन बंद होती. धनाजीनं गार्डची जाळी काढून हात आत घातला, गठ्ठा उकरायला. त्याचा वॉकी-टॉकी मागं पोत्यांच्या थप्पीवर. माझ्या जागेवरून कंट्रोल रूमची काच दिसते. आतल्या ऑपरेटरनं घड्याळ बघितलं आणि लाइन सुरू करायला उठला. त्याला तिथून धनाजी दिसत नाही. मला दोघं दिसत होते.

बॉयलर आणि चाळण्या चालूच होत्या. मी वॉकी-टॉकीचं बटण दाबलं. खट् खट् खट्. सात-आठ वेळा तरी दाबलं. पलीकडून ऑपरेटर म्हणाला, “कोण खेळतंय रे सकाळी सकाळी?” पाना रेलिंगवर आपटला. कुणी वर बघितलं नाही. शिडीजवळच्या चौकटीवर हात मारला, तिथं टॅब नाही हे माहीत असून. लाइन थांबवायचं लाल बटण खाली. मी धावलो. बावीस पायऱ्या आहेत. निम्म्यावर असताना पट्टा सुरू झाला.

धनाजी ओरडला, ते मात्र सगळ्यांनी ऐकलं.

उजव्या हाताची दोन बोटं. करंगळी आणि तिच्या शेजारचं.

मी त्याचा हात माझ्या गळ्यावरच्या रुमालात बांधला. दुसरं काही हाताशी नव्हतं.

७ एप्रिल, सोमवार

चौकशी. दे. साहेब, पुण्याहून आलेले एक सेफ्टीचे साहेब, आणि लिहून घेणारी मुलगी. पुण्याच्या साहेबांचे प्रश्न तोंडी, माझी उत्तरं कागदावर. त्यामुळं प्रत्येक उत्तराला तिघं माझ्या पेनकडं बघत बसायचे.

“तुम्ही पाहिलं होतंत?” हो.

“मग कळवलं का नाही?” कळवलं. बटण दाबलं.

“बटण म्हणजे कळवणं नव्हे, शिंदे.” 

मी अर्जाचं लिहिलं. ११ मार्च, चावडीवर. पुण्याचे साहेब दे. साहेबांकडं वळले. दे. साहेब म्हणाले, “चावडीचा डेटा आता नाही. तसा काही अर्ज आल्याचं मला स्मरत नाही.” माझ्याकडं बघून नाही म्हणाले, टेबलाकडं बघून म्हणाले. “पण यांची अडचण लक्षात घेऊन आपण शिट्टी दिली होती. सही आहे.” रजिस्टर उघडलं.

“शिट्टी का वाजवली नाही?”

मी खिशातून शिट्टी काढली. ओठात धरली. फुंकायचा प्रयत्न केला. गळ्यातून फस्स आवाज आला, नवा रुमाल हलला. लिहून घेणाऱ्या मुलीनं मान खाली घातली.

पुण्याचे साहेब म्हणाले, “हे तुम्ही घेतानाच सांगायला हवं होतं.”

मी शिट्टी परत खिशात ठेवली. 

एकोणीस पानं उतरवली मी चावडीवरची. म्हशीचं उतरवलं, पुराचं उतरवलं. स्वतःचा अर्ज उतरवला नाही. अर्ध्या पानाचा तर होता.

८ एप्रिल, मंगळवार

“कळवेपर्यंत घरी थांबा.” गेटवर ओळखपत्र ठेवून घेतलं.

घरी आलो तर सु. शेंगा फोडायला बसली होती, माझ्यापुढंपण मूठभर सरकवल्या. दोघांनी मिळून अख्खी परात फोडली.

१० एप्रिल, गुरुवार

सांगलीला गेलो. सु.ला दवाखान्यात जातो म्हणून लिहिलं. तिला कळलं असणार, कारण तिनं नवा शर्ट काढून दिला.

का गेलो? घरी बसवत नव्हतं. आणि जगात एक माणूस असा होता की ज्यानं मला जेवायला बोलावलं होतं. प्लांटमधल्या कुणी फोनसुद्धा केला नव्हता. करून तरी काय.

सांगलीच्या स्टँडवरून गावची गाडी. गावात जयंतीची मिरवणूक नुकतीच संपलेली, पोरं पंचरंगी झेंडे घेऊन परतत होती. एकाला पाटी दाखवली, ‘भूपाल मगदूम’. त्यानं घरापर्यंत आणून सोडलं.

अण्णा ओट्यावरच होते. फोटोतल्यापेक्षा उंच, वाळके. मी पाटीवर लिहून समोर धरलं, ‘मी शिंदे. सातारा.’

वाचलं.  मग मला कवटाळलंच त्यांनी. “अगं ए, भाईर ये! आमचं सातारकर आलं! सातारकर!” बायको आली, मुलगा आला, शेजारचे दोघं आले. “ह्येच ते. रोज नऊला. मी सांगत न्हवतो?” मला खांद्याला धरून सगळ्यांना दाखवत होते, जत्रेतून जिंकून आणलेल्या बैलासारखं. “बसा, बसा. आवं बोला की आता! दोन वर्सं वाट बगतोय.”

मी रुमाल बाजूला केला.

मग लिहिलं, ‘ऑपरेशन झालं. तुमची ओळख व्हायच्या आधीच. सांगायचं राहून गेलं.’

 शेजारचे दोघं हळूच उठून गेले. अण्णांची नजर गळ्यावरून पाटीवर, पाटीवरून गळ्यावर. मग खाली.

“सांगायचं न्हाई व्हय?” असं म्हणाले. “मी तुमास्नी सगळं सांगितलं. पोरीचं बी सांगितलं. कुणाला न्हवतं सांगितलं ते.”

मी खडू हातात धरून बसलो.

“मग ते मुके फोन…”

मी मान हलवली.

“पोरीनं चार दिस जेवण सोडलंय,” ते म्हणाले. “तिला वाटलं, त्येच फोन सुरू झालं परत.”

आतल्या दाराशी कुणीतरी उभं होतं, ते आत गेलं.

मी ‘माफ करा’ लिहिलं. त्यांनी वाचलं आणि अगदी मोठ्यानं, तोंड माझ्या कानाजवळ आणून म्हणाले, “पा-णी घे-णार का?”

 हाच माणूस. नऊ तोंडं पाठवणारा.

जेवायला वाढलं. पुरणपोळी, आमटी, कुरडई. वहिनी त्यांना विचारत होत्या, मला नाही: “त्यास्नी तिखट चालतंय का?” “त्यास्नी दूध वाढू का?” अण्णा मला ओरडून विचारायचे, मी मान हलवायचो, ते वहिनींना सांगायचे. मुलाला म्हणाले, “लय हुशार माणूस हुता रं.”

हुता.

निघताना अण्णा वाकून माझ्या पिशवीत हळदीची पुडी घालत होते.  मला वाटलं आता काहीतरी बोलतील, नेहमीसारखं. “का-ळ-जी घ्या,” म्हणाले. मुलानं मोटारसायकलवरून स्टँडला सोडलं. अपघाताचं मी सांगितलंच नाही. कुणाला सांगणार होतो?

११ एप्रिल, शुक्रवार

अंथरुणातून उठलो नाही. सु.नं पुडी बघितली. वास घेऊन म्हणाली, “चांगली आहे हळद.” ऑपरेशनपासून मला वास येत नाही.

१६ एप्रिल, बुधवार

कंपनीचं पत्र. ‘शारीरिक मर्यादेमुळे स्वतःच्या व सहकाऱ्यांच्या सुरक्षिततेस धोका’. स्वेच्छेनं निवृत्ती घेतल्याचा कागद सोबत जोडलाय, फक्त सही करायची. मान्य नसेल तर सोमवारी २१ तारखेला अकरा वाजता मालकांसमोर ‘म्हणणे तोंडी मांडावे’.

तोंडी. तीनदा वाचलं. चूक आहे का मुद्दाम आहे?

एकतीस वर्षं त्या मशिनच्या पोटात काढली. कुठलं बेअरिंग कधी जाणार, आवाजावरून आठवडाभर आधी सांगायचो. आता म्हणे धोका.

खरं सांगायचं तर अर्धं मन म्हणतं, सही कर. शिट्टी घेताना जो गप्प बसला त्यानं आता कशाला बोलावं.

१९ एप्रिल, शनिवार

दुपारी धनाजी आला. हाताला पांढरं बोचकं, गळ्यात अडकवलेलं. त्याची बायको खाली रिक्षात थांबलेली. सु.नं पाणी दिलं, त्यानं डाव्या हातानं घेतलं, निम्मं शर्टावर सांडलं.

पेला जमिनीवर ठेवला.  मग म्हणाला, “दत्ताभाऊ, मी सही केली.”

मी हातानंच ‘कशावर?’ असं विचारलं.

“कागदावर लिवलं हुतं, मी वॉकी-टॉकीवर सांगून मगच हात घातला. आन् वरच्या माणसानं कायच इशारा दिला न्हाई. सायेब म्हणालं, तुझी चूक दिसली तर तुला परत घेता येणार न्हाई. आठ बोटाचा माणूस मी, दुसरीकडं कोण घील मला?”

सु. उठून आत गेली. भांडी जोरात ठेवल्याचा आवाज आला.

मी पाटी घेतली. काय लिहिणार होतो, माहीत नाही. शिवी लिहावी असंपण वाटलं होतं. लिहिलं, ‘दुखतं का?’

त्यानं वाचलं. ओठ घट्ट मिटले. “नसल्याली बोटं दुखत्यात,” म्हणाला. “खाजवायला जातो आन् हाताला काय लागतच न्हाई.”

मला ते कळतं. सकाळी जाग आली की अजून मी सु.ला हाक मारायला तोंड उघडतो.

जाताना दारात थांबला. “कंट्रोल रूमवाला म्हणतोय, त्यानं खटखट ऐकली. सात-आठ बार. माझ्यापाशी म्हणला. मालकापुढं म्हणंल का न्हाई, काय सांगावं. त्यालाबी पोरंबाळं हायती.”

सु. त्याला खालपर्यंत सोडायला गेली नाही. मी गेलो. रिक्षात बसताना त्याचं बोचकं दाराला लागू नये म्हणून हात धरला.

२० एप्रिल, रविवार

सकाळपासून लिहीत बसलो. तीन पानं झाली. चावडी, अर्ज, निळी खूण, शिट्टी, सगळं. शिट्टीचं लिहिताना ‘माझी चूक झाली’ असंच लिहिलं, ते काढलं नाही.

सु. म्हणाली, “उद्या मी येते. मी वाचून दाखवते. तोंडी पाहिजे ना त्यांना?” संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर माझ्यासमोर उभी राहून वाचायला लागली. सातवीपर्यंत शिकलेली, पण शब्द न अडखळता. पहिलं पान झालं. दुसऱ्या पानावर थांबली.

“हे तुमचं वाटत नाही,” म्हणाली. “तुम्ही असं बोलत नव्हता.”

मी लिहिलं, ‘कसा बोलायचो?’

खरंच विचारलं मी. मला माझा आवाज आठवत नाही. दोन वर्षांत कधी गेला कळलंच नाही.

तिनं जरा विचार केला. मान थोडी मागं टाकली, हनुवटी वर, आणि जाड आवाज काढून म्हणाली, “ए सुमे, कुठं ठेवलास गं माझा चष्मा? डोक्यावर? मग सांगायचं न्हाई व्हय?”

हसली. मीपण हसलो असणार, गळ्यातून हवा सुटली. मग ती तशीच उभी राहिली, कागद हातात. डोळ्याला पदर लावला आणि स्वयंपाकघरात गेली. कुकर लावल्याचा आवाज आला, शिट्टी होईपर्यंत बाहेर आली नाही.

तीन पानं परत वाचली. सभ्य माणसानं साहेबाला लिहिलेलं पत्र आहे. त्यात मी नाही, एवढं तिचं बरोबर. नव्या कागदावर सुरुवात केली, ती सांगते तसा बोलायचो तसं: ‘मालक, मी खटखट केलं. तुमच्या माणसानं ऐकलं. विचारा त्याला.’ एवढंच झालंय. पुढचं येत नाही.

निवृत्तीचा कागदपण टेबलावरच आहे. पेन एकच आहे.

सु.नं उद्यासाठी दोन शर्ट काढून ठेवलेत आणि विचारतेय कुठला घालणार. माझ्या मागं उभी आहे. अजून काही लिहून दिलेलं नाही तिला.